मेडकिट कुणाचं? : लांब लांब बसून ऑनलाइन गेम कसा बनतो

दर मंगळवारी संध्याकाळी साडेसातला आमची टीम आपलाच गेम खेळून बघते. मी सांगलीत, घराच्या वरच्या खोलीत. ॲनिमेशन करणारी सहकारी पोलंडमध्ये, आमचा लीड, म्हणजे टीमचा प्रमुख, स्वीडनमध्ये, आवाजाचं काम बघणारा पोर्तुगालमध्ये. सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचे कॉम्प्युटर ज्याला जोडलेले असतात तो मधला कॉम्प्युटर, जर्मनीत, फ्रँकफर्टला. एका मंगळवारी नकाशातल्या पडक्या गोदामात एक मेडकिट, म्हणजे खेळाडूच्या जखमा भरणारी औषधपेटी, पडलेलं दिसलं. मी धावत गेलो, बटण दाबलं, मेडकिट माझ्या पिशवीत आलं आणि पापणी लवायच्या आत पिशवीतून गायबही झालं. हेडफोनमध्ये लीडचा आवाज आला, "मला मिळालं." मी म्हटलं, "अरे, तुझ्या आधी मी दाबलं होतं."

नंतर दोघांच्या नोंदी लावून पाहिल्या. मी खरोखरच त्याच्या आधी दाबलं होतं, ४० मिलिसेकंद आधी (एका सेकंदात हजार मिलिसेकंद). तरीही मेडकिट त्याचंच होतं आणि सर्व्हरचं काहीही चुकलं नव्हतं.

"तू घरी बसून गेम बनवतोस म्हणजे नक्की करतोस काय?" असं कुणी विचारलं की मी हीच गोष्ट सांगतो. माझं बहुतेक काम या ४० मिलिसेकंदांभोवती फिरतं. ऑनलाइन गेममध्ये खेळणारे एकमेकांपासून लांब असतात आणि आमच्यासारख्या टीममध्ये बनवणारेही लांब असतात. दोन्हीकडे अडचण एकच: प्रत्येकासमोरचं चित्र थोडं शिळं असतं. आपल्याला दिसतं ते आत्ताचं नसतं, थोड्या वेळापूर्वीचं असतं. हे शिळेपण घालवता येत नाही. ते सांभाळून काम कसं करायचं, हेच शिकावं लागतं.

आधी हे शिळेपण येतं कुठून ते बघू. फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेघेत अंदाजे ६,५०० किलोमीटर. म्हणजे नुसतं जाऊन यायलाच ६५ मिलिसेकंद लागणार, आणि तेही केबल सरळ रेघेत टाकलेली असती तर. प्रत्यक्षात ती वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून समुद्रात शिरते, अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र असा वळसा घेते, वाटेत किती यंत्रांमधून जाते. सांगलीतून माझा जाऊन-येऊन वेळ, ज्याला खेळणारी पोरं पिंग म्हणतात, १५० मिलिसेकंदांच्या आसपास असतो. स्वीडनमधल्या लीडचा ३०.

आता मेडकिटचा हिशेब करा. माझं बटण शून्याला दाबलं गेलं, निरोप सर्व्हरला पोहोचला ७५ व्या मिलिसेकंदाला. लीडने ४० ला दाबलं, त्याचा निरोप १५ मिलिसेकंदांत, म्हणजे ५५ ला पोहोचला. सर्व्हरच्या दारात तो आधी उभा होता.

इथे माझ्या भाच्याची एक गोष्ट सांगायला हवी, कारण हा गैरसमज घरोघरी आहे. गेममध्ये लॅग येतो, म्हणजे सगळं उशिरा आणि अडखळत होतं, म्हणून त्याने दाजींच्या मागे लागून १०० ऐवजी ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्यायला लावला. पिंग होता तेवढाच राहिला. "मामा, मग एवढे पैसे कशाला भरले?" मी त्याला त्यांच्याच शेतातली मोटर दाखवली. पाइप जाड घेतला तर पाणी जास्त येईल. पण विहीर लांब असेल तर मोटर सुरू केल्यावर पहिलं पाणी सरीत पडायला वेळ लागणारच. एमबीपीएस म्हणजे पाइपाची जाडी, पिंग म्हणजे विहिरीचं अंतर. गेमला जाडी फारशी लागतच नाही. एका खेळाडूची जागा सांगायला साधारण १२ बाइट पुरतात. २० खेळाडूंची जागा सेकंदाला ३० वेळा पाठवली तरी ७,२०० बाइट होतात, म्हणजे ५८ किलोबिटसुद्धा नाहीत. त्याचा आधीचा १०० एमबीपीएसचा प्लॅनही यापेक्षा हजारपटीहून मोठा होता. त्यापेक्षा राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत वायर टाकली असती तर जास्त उपयोग झाला असता. वायफायवर पिंग सारखा वरखाली होतो आणि तो वाढण्यापेक्षा हलण्याचाच त्रास मोठा.

निरोप पाठवायच्याही दोन तऱ्हा आहेत. एकीत निरोपाचं प्रत्येक पॅकेट, म्हणजे छोटा तुकडा, पोहोचलंच पाहिजे, हरवलं तर परत पाठवायचं, आणि ते येईपर्यंत मागची सगळी थांबवून ठेवायची. बँकेच्या व्यवहाराला हेच बरोबर. दुसरीत हरवलं तर हरवलं, पुढचं येतंच आहे. रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकताना खरखरीत एक चेंडू निसटला तर आपण पुढचा ऐकतो, निसटलेल्यासाठी सामना थांबवत नाही. धावपळीच्या गेममध्ये खेळाडूंच्या जागा बहुधा या दुसऱ्या तऱ्हेने जातात. त्याला यूडीपी म्हणतात. अर्धा सेकंद जुनी जागा कळून कुणाचं भलं होणार?

पण मग प्रश्न उरतो की आपण बटण दाबल्याबरोबर पाऊल पडतं कसं? निरोप फ्रँकफर्टला जाऊन परत येईपर्यंत तर पाऊल पडायला नको.

याचं उत्तर ज्या गेममुळे घराघरांत पोहोचलं तो म्हणजे क्वेक, गोळीबाराचा गेम. १९९६ च्या जूनमध्ये तो आला. त्याचा प्रोग्रामर जॉन कारमॅक याने पुढे जाहीरपणे लिहिलं की त्याची मूळ मांडणी २०० मिलिसेकंदांहून कमी पिंग गृहीत धरून केलेली होती. त्याच्याकडे स्वतःकडे उत्तम लाइन होती. बाकीचं जग मॉडेमवर होतं आणि त्यांचा पिंग ३०० च्या वर. पुढे जायचं बटण दाबलं की पाऊल एक तृतीयांश सेकंदाने पडायचं. त्याच वर्षी डिसेंबरात क्वेकवर्ल्ड नावाची नवी आवृत्ती आली आणि तिच्यात आधीच अंदाज बांधायची युक्ती होती. तुम्ही बटण दाबलं की तुमचा कॉम्प्युटर सर्व्हरची वाट न बघता तुम्हाला पुढे नेतो. सर्व्हरचं उत्तर आलं की पडताळून बघतो. जुळलं तर उत्तम. नाही जुळलं तर तुम्हाला सर्व्हर म्हणेल त्या जागी आणून ठेवतो. खेळताना कधी कधी आपण पळत असतो आणि एकदम चार पावलं मागे खेचले जातो, ते हेच.

म्हणजे तुमच्या पडद्यावर तुम्ही स्वतः किंचित भविष्यात असता आणि बाकीचे सगळे किंचित भूतकाळात. इतरांचं चालणं अडखळू नये म्हणून त्यांना मुद्दामच थोडं मागचं दाखवतात, पुष्कळदा एक दशांश सेकंद मागचं. हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी बराच वेळ गप्प बसून होतो. आपण ज्याच्यावर नेम धरतो तो तिथे नसतोच!

मग गोळी लागते कशी? गोळीचा निरोप आला की सर्व्हर आपली वही मागे उलटतो. तुम्ही चाप ओढलात तेव्हा तुमच्या पडद्यावर समोरचा कुठे दिसत होता ते काढतो आणि त्या जागेवरून निकाल देतो. मारणाऱ्याला न्याय मिळतो. पण मरणारा तोवर भिंतीआड गेलेला असतो आणि त्याच्या तोंडून "भिंतीमागे असूनही मेलो!" निघतं. कुणाला तरी थोडा अन्याय होणारच. तो कुणाच्या वाट्याला घालायचा हे ठरवणं हा कोडचा नव्हे, खेळाच्या स्वभावाचा प्रश्न आहे. म्हणून वही किती मागे उलटायची यालाही हद्द घालावी लागते.

"मग मेडकिटही ज्याने आधी दाबलं त्याला द्या की," असं भाचा म्हणालाच. नाही देता येत. आधी कुणी दाबलं हे त्या त्या खेळाडूचा कॉम्प्युटर सांगणार आणि तो खेळाडूच्या ताब्यात असतो. त्याने घड्याळात फेरफार केली तर प्रत्येक मेडकिट त्याचंच. म्हणून ऑनलाइन गेममध्ये एक दंडक असतो: खेळाडूचा कॉम्प्युटर मागणी करतो, निकाल सर्व्हर देतो. सर्व्हरही सतत जागा नसतो. तो ठरावीक ठोक्याला जागा होऊन आलेले निरोप बघतो. या ठोक्याला टिक म्हणतात. ३० टिकचा सर्व्हर दर ३३ मिलिसेकंदांनी बघतो, १२८ टिकचा दर ८ मिलिसेकंदांच्या आतच. व्हॅलोरंट या गोळीबाराच्या गेमचे सर्व्हर १२८ टिकचे आहेत. टिक जितके जास्त तितकी सर्व्हरची मेहनत आणि बिलही जास्त.

याच्या अगदी उलट वाटेने गेलेला एक जुना गेम मला फार आवडतो. १९९७ चा एज ऑफ एम्पायर्स. सेकंदाला २८.८ किलोबिटच्या मॉडेमवर शेकडो सैनिकांच्या जागा पाठवणं अशक्य होतं. म्हणून त्यांनी जागा पाठवल्याच नाहीत, फक्त हुकूम पाठवले. "या दहा धनुर्धाऱ्यांनी तिकडे जावं." सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर तेच जग, तीच गणितं, म्हणून तोच हुकूम त्याच क्षणी चालवला की सगळीकडे तेच घडणार. हुकूम सगळ्यांपर्यंत पोहोचायला वेळ मिळावा म्हणून तो दोन पावलं पुढच्या वेळेला लावायचे. यात धोका एकच, पण भयंकर. नकाशा तयार होताना एका कॉम्प्युटरवर एखादं हरीण केसभर तिरकं उभं राहिलं, तर ते थोडं वेगळं चरणार. मग काही मिनिटांनी एखाद्या गावकऱ्याचा भाला तिथे चुकणार, दुसरीकडे लागणार. एका जगात मांस घरी आलं, दुसऱ्या जगात नाही. तिथून पुढे दोन्ही खेळाडू वेगवेगळा इतिहास खेळत असतात आणि त्यांना पत्ताही नसतो. ही हरणाची गोष्ट त्यांच्या प्रोग्रामरांनीच सांगितलेली आहे.

आमच्या टीममध्ये ते हरीण रोज येतं.

आम्ही सगळे एकाच गेमवर काम करतो, पण प्रत्येकाच्या मशीनवर त्याची स्वतःची प्रत असते. मी सकाळी माझ्या प्रतीत काही बदललं, पोलंडमध्ये तिने तिच्या प्रतीत काही बदललं, की झाली दोन जगं. म्हणून टीमलाही एक सर्व्हर लागतो, ज्याचं म्हणणं अखेरचं. त्याला रेपॉझिटरी म्हणतात, बोलताना नुसतं रेपो. वेबसाइट, ॲप वगैरे करणाऱ्यांकडे हे काम बहुधा गिट करतं. लिनस टोरवाल्ड्सने ते २००५ मध्ये लिहिलं. कोड म्हणजे मजकूर, त्यामुळे दोघांनी एकाच फाइलमध्ये वेगवेगळ्या ओळी बदलल्या तरी गिट त्या जुळवून देतं. पण गेममध्ये मजकुराहून जास्त असतात ती चित्रं, आवाज, हालचाली, नकाशे. दोघांनी एकाच नकाशात केलेले बदल कुठलंही यंत्र सहजी जुळवून देऊ शकत नाही. म्हणून मोठे गेम स्टुडिओ बहुतेक पर्फोर्स वापरतात. त्यात फाइलला लॉक लावता येतं. मी नकाशा घेतला की मी सोडेपर्यंत तो बाकीच्यांना बदलता येत नाही.

या लॉकने मला एकदा चांगलंच शिकवलं. शुक्रवारी मी गोदामाचा नकाशा घेतला होता, खेळाडू जिथे उगवतात त्या जागा हलवायला. काम अर्धवट राहिलं. शनिवारी कोल्हापूरला चुलत बहिणीचं लग्न, रविवारी पूजा, सोमवारी पाहुण्यांना पोहोचवणं. सुट्टी रीतसर टाकली होती. लॉक मात्र तसंच राहिलं. सोमवारी प्रकाशयोजना करणाऱ्या मुलीने नकाशा उघडायला घेतला तर तो माझ्या नावावर. लॉक जबरदस्तीने तोडता आलं असतं, पण माझं अर्धं काम माझ्या बंद मशीनवर होतं आणि ते वाया गेलं असतं. तिने वाट बघितली. मंगळवारी दुपारी मी मशीन लावलं तेव्हा तिचे तीन निरोप होते, तिन्ही नम्र. तिचा दीड दिवस माझ्यामुळे गेला होता. एका ऑफिसात असतो तर तिने माझी रिकामी खुर्ची शुक्रवारी संध्याकाळीच पाहिली असती आणि लगेच फोन केला असता. लांबच्या टीमला रिकामी खुर्ची दिसत नाही. आता शुक्रवारी लॉक सोडल्याशिवाय मी मशीन बंद करत नाही, आणि नव्याने आलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट स्वतः सांगतो.

घड्याळाचाही असाच घोळ. आपलं घड्याळ वर्षभर एक. युरोपचं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासाने सरकतं. त्यामुळे स्वीडन हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. आमचा खेळायचा तास त्यांच्या घड्याळाने ठरलेला, म्हणून हिवाळ्यातले माझे साडेसात उन्हाळ्यात साडेसहा होतात. अमेरिकेची टीम असेल तर आणखी जपावं लागतं, कारण तिथलं घड्याळ वेगळ्या रविवारी सरकतं. कॅलिफोर्निया आपल्या साडेतेरा किंवा साडेबारा तास मागे, म्हणजे तुमची रात्र तिथली सकाळ. अशी नोकरी घ्यायच्या आधी घरच्यांशी बोला. मी तरुणपणी एक वर्ष रात्रीचं काम केलं. पगार बरा होता, पण आईशी बोलणं व्हायचं ते जेवण वाढताना, तेवढंच. युरोपच्या टीमबरोबर मात्र सकाळचे चार तास माझ्या एकट्याचे असतात. रात्री तिकडच्या मशीनने ताज्या कामाचा बिल्ड, म्हणजे चालवून बघता येईल असा गेम, तयार केलेला असतो आणि तो चालवून बघणारा पहिला माणूस मी. ते उठून चहा घेईपर्यंत कुठे काय मोडलंय याची यादी त्यांच्यासमोर असते.

ती यादी कशी लिहायची, हे मला वाटतं या कामातलं सर्वांत मोठं कौशल्य. कोडपेक्षाही मोठं. समजा लॉबीत, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधी खेळाडू जमतात त्या खोलीत, काही बिघडलं. "लॉबीत काहीतरी गडबड आहे, बघून घे," असं लिहिलं तर समोरचा चार तासांनी विचारणार, "कसली गडबड?" तेव्हा मी जेवायला गेलेलो असणार, मग मी सांगणार, मग त्याचा दिवस संपणार. एका ओळीपायी एक दिवस गेला. त्याऐवजी मी असं लिहितो: कालच्या रात्रीच्या बिल्डमध्ये दोन खेळाडूंनी एकाच वेळी लॉबी सोडली तर तिसऱ्याच्या यादीत एक नाव राहून जातं. दहापैकी चारदा होतं. २०० मिलिसेकंद लॅग लावला की दहापैकी नऊदा. सोमवारच्या बिल्डमध्ये नव्हतं. सोडल्याचा निरोप दोनदा येत असावा असा संशय आहे. नोंदी सोबत जोडल्या आहेत. एवढं लिहिलं की समोरचा उठल्याबरोबर कामाला लागतो. त्याला मला उठवावं लागत नाही.

हे अर्थात इंग्रजीत लिहावं लागतं आणि मराठी माध्यमातून आलेली कितीतरी हुशार मुलं इथेच बिचकतात. मीही मराठी शाळेतला. आमच्या टीममध्ये एकाचीही मातृभाषा इंग्रजी नाही. छोटी वाक्यं, नेमके आकडे, एका वेळी एक मुद्दा. याच्यावर कुणी कधी माझं व्याकरण काढलेलं नाही.

घरात काय लागतं हेही सांगतो. गेमचा पूर्ण प्रकल्प ३०० जीबी असणं ही काही फार मोठी गोष्ट नाही, आणि १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने चालली तरी तो उतरायला सहा तास चाळीस मिनिटं लागतात. म्हणून पहिली प्रत उतरवायची ती रात्री लावून, नंतर रोज फक्त बदल. काही जण सगळं ऑफिसातल्या मशीनवरच ठेवतात आणि घरून फक्त तिचा पडदा बघत काम करतात. कोड लिहायला ते चालतं, पण बटण आणि हालचाल यांचा मेळ तपासायचा असेल तर नाही, कारण पडदाच शिळा. वीज जायचा वार आमच्याकडे माहीत असतो, तरी इन्व्हर्टरवर राउटर आणि मशीन दोन्ही हवेत, शिवाय मोबाइलचं नेट हाताशी. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स यांच्यासाठी बनवताना खास डेव्हकिट, म्हणजे गेम बनवणाऱ्यांसाठीचं वेगळं यंत्र, लागतं. ते गोपनीयतेच्या कराराखाली मिळतं. म्हणून खोलीला कुलूप, आणि भाचा कितीही लाडका असला तरी त्याला ते दाखवायचं नाही. ते पाळतो, जड जातं तरी.

आता माझं एक ठाम मत. ऑनलाइन गेम बनवणारा माणूस लांब राहत असेल तर गेम जास्त चांगला होतो. वर क्वेकचं बघितलंत ना? उत्तम लाइनवर बसलेल्याला मॉडेमवाल्याचं दुखणं दिसलं नव्हतं. ऑफिसात नेटवर्कच्या एकाच स्विचला वायरने जोडलेल्या दहा मशीनवर गेम कायम लोण्यासारखा चालतो. खोटा लॅग लावायची साधनं आहेत, विंडोजवर क्लम्झी, लिनक्सवर नेटएम. मीही ती रोज वापरतो. १५० मिलिसेकंद उशीर, शंभरात दोन पॅकेट गहाळ, असं सांगायचं की ती तसं वागतात. पण खऱ्या नेटचे नखरे त्यांना जमत नाहीत. मिरजेहून पुण्याला जाताना गाडीत मोबाइलच्या नेटवर मी आमचा गेम लावला होता. नेट पूर्ण गेलं नाही, नुसतं एका टॉवरवरून दुसऱ्यावर गेलं, चार सेकंद शांतता आणि मग अडलेली सगळी पॅकेट एकदम येऊन आदळली. माझा खेळाडू चार सेकंदांचं धावणं एका क्षणात धावला आणि भिंतीतून आरपार गेला. सर्व्हरवर एका ठोक्यात किती हालचाल मान्य करायची याला हद्दच नव्हती. तीन महिने हा दोष तिथे होता आणि स्वीडनमधल्या कुणालाही दिसला नव्हता. दिसणार कसा?

ऑनलाइन गेमचं दुसरं एक वेगळेपण म्हणजे तो संपत नाही. बाजारात आला की खरं काम सुरू. पॅच, म्हणजे गेममधले नवे बदल आणि दुरुस्त्या, सोडायच्या रात्री आमच्यातलं कुणीतरी पाळीने जागं असतं. सर्व्हर नवा झाला तरी फोनवरचे सगळे गेम लगेच नवे होत नाहीत, त्यामुळे काही दिवस नव्या सर्व्हरला जुन्या गेमची भाषाही कळावी लागते. नवी गोष्ट आत घालायची, पण तिचा खटका सर्व्हरच्या हाती ठेवायचा, आधी थोड्या खेळाडूंना दाखवायची, बिघडलं तर खटका बंद. एवढी एक सवय असली तर कितीतरी रात्री शांत झोप लागते.

पैशांचं थोडक्यात, कारण नियम बदलत असतात आणि चार्टर्ड अकाउंटंटला विचारूनच चालावं. लांबून काम करणारे दोन प्रकारचे: पगारी आणि कंत्राटी. परदेशी स्टुडिओचं कंत्राटी काम म्हणजे जीएसटीच्या भाषेत सेवेची निर्यात. नोंदणी केली आणि दरवर्षी एलयूटी नावाचं हमीपत्र भरलं की कर न लावता बिल देता येतं. परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा कागद प्रत्येक वेळी जपून ठेवा. करारात तीन गोष्टी वाचल्याशिवाय सही करू नका: पैसे कधी मिळणार, प्रकल्प मध्येच बंद पडला तर काय, आणि श्रेयनामावलीत नाव येणार का. तिसरी कितीतरी जण विसरतात. पुढचं काम त्या नावावर मिळतं.

धंदा सध्या सोपा नाही, हेही लपवत नाही. जानेवारी २०२४ मध्ये एकट्या मायक्रोसॉफ्टने गेम विभागातली १,९०० माणसं कमी केली. काही मोठ्या स्टुडिओंनी लोकांना परत ऑफिसात बोलावलं. दुसरीकडे, ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट हा २०१५ चा देखणा गेम मून स्टुडिओजच्या वेगवेगळ्या देशांत विखुरलेल्या टीमने बनवला, तोही साथीच्या कितीतरी आधी. आणि लांब म्हणजे परदेशच असंही नाही. राजी हा २०२० चा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा. इंडस हा ऑनलाइन बॅटल रॉयाल, म्हणजे शेवटपर्यंत टिकेल तो जिंकेल असा गेम, पुण्याच्याच सुपरगेमिंगचा.

घरच्यांची एक काळजी मात्र रास्त आहे, तिचं उत्तर द्यायला हवं. ऑनलाइन गेम म्हटलं की त्यांना पैसे लावून खेळायची रमी आठवते, त्यात बुडालेली घरं आठवतात. ते वेगळं, हे वेगळं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्स, सोशल गेम्स यांना त्यांच्यापासून वेगळं ठेवलं. आम्ही बनवतो ते या दुसऱ्या बाजूचं. बाबांना मी कायद्याची बातमी वाचून दाखवली, त्यानंतर ते शेजाऱ्यांना माझं काम सांगायला लागले.

शिकायचं असेल तर मोठा गेम हातात घेऊ नका. गोडो हे इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, अर्जेंटिनात सुरू झालं, २०१४ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. त्यात एक खोली बनवा. दोन खेळाडू, मधे एक वस्तू. दोन मशीनवर चालवा, मग मधे २०० मिलिसेकंदांचा लॅग घाला आणि दोघांनी एकदम ती वस्तू उचला. काय मोडलं, का मोडलं, कसं दुरुस्त केलं हे नीट लिहून ठेवा. माझ्याकडे कामासाठी अर्ज येतात तेव्हा मी चकाचक चित्रांच्या आधी असं पान शोधतो.

आमच्या मेडकिटचं पुढे काय झालं? नेटवर्कच्या कोडमध्ये मी दोन दिवस डोकं घातलं आणि तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. निकाल बरोबर होता. चुकत होतं ते एवढंच, की निकाल लागायच्या आधी मी वस्तू पिशवीत दाखवत होतो. मार्ग काढला पोलंडच्या सहकारीने. तिने लिहिलं, "मला ४०० मिलिसेकंद दे." बटण दाबल्याबरोबर खेळाडू वाकतो आणि हात पुढे करतो. हे त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर लगेच होतं, कुणाला विचारावं लागत नाही. हात वस्तूपर्यंत पोहोचायला ४०० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात फ्रँकफर्टला जाऊन निरोप परतही आलेला असतो. हो आलं तर बोटं मिटतात. नाही आलं तर हात रिकामा मागे येतो. तिने ती हालचाल तीन वेळा नव्याने केली, कारण पहिल्या दोन्हींत रिकामा हात खोटा वाटत होता. तिसऱ्यात बोटं हवेत किंचित मिटतात आणि खांदा ढिला पडतो.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच गोदाम. मी आणि लीड मुद्दाम एकदमच धावलो. मी वाकलो, हात पुढे केला. समोर त्याचाही हात आला, त्याच्या मुठीत मेडकिट गेलं, माझी बोटं हवेत मिटली. माझा पिंग तोच होता, १५०. नोंदी पाहिल्या, या वेळीही मीच आधी दाबलं होतं. पण खेळताना मला एवढंच वाटलं की तो माझ्यापेक्षा चपळ निघाला, आणि मी वळून दुसरं मेडकिट शोधायला पळालो.